चाकण ते चिंचवड, खिशात कांदा

लोक काशीला जाऊन येतात आणि चार माणसांत बसून सांगतात. आमच्या आळीतला एक जण आग्र्याला जाऊन आला तर वर्षभर दुसरं काही बोलला नाही. मी चाकणहून चिंचवडला जाऊन आलो. अंतर पंधरा-सोळा मैल, एसटी बदलून दोन तास धरा. मला नऊ दिवस लागले. ज्यांना हसायचंय त्यांनी इथंच हसून घ्यावं.

हे मी न गेलेल्यांसाठी लिहितोय. चिंचवडला न गेलेल्यांसाठी नव्हे, तिथं कुणीही जातं. ज्यांची छाती काही कारण नसताना धडधडायला लागते आणि त्या भीतीनं जे घरात बसून राहिलेत, त्यांच्यासाठी. अशी माणसं पुष्कळ आहेत, मी विचारायला लागलो तेव्हा कळलं. मी चौथी शिकलेला. शुद्धलेखन जावयानं बघितलंय, बाकी जे आहे ते माझं.

निघायच्या आधीचं

माझा जन्म चाकणच्या बाजारात गेला. आधी मापाडी होतो, धान्य मापायचो. पुढं काट्यावर कांदा तोलायला लागलो. बायकोचं नाव पारू. आणीबाणी उठली त्या साली, वैशाखात, चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, "छातीत दाटतंय वो." मी म्हणालो, "गॅस असंल, ओवा खा." तिनं खाल्ला. अर्ध्या तासानं ती आडवी झाली. कांद्याच्या टेंपोत गोण्यांवर घातली आणि पिंपरीच्या दवाखान्याकडं निघालो. वाटेत कांदा फोडून तिच्या नाकाला लावला. आमच्याकडं माणूस पडला की आधी कांदा फोडतात, डॉक्टर मागनं. मोशीच्या अलीकडं इंद्रायणीचा पूल आहे. टेंपो पुलावर आला आणि ती गेली.

दीड महिन्यानं मी लेकीकडं निघालो. लेक शकू चिंचवडला दिलेली, जावई जयवंत तिथल्या एका कंपनीत टर्नर. बस पुलावर आली आणि माझी छाती कुणी सुंभानं आवळावी तशी आवळली. हातापायांना मुंग्या, घशात बोळा, अंगाला घाम, डोळ्यांपुढं काजवे. मला पक्कं कळलं की आता मी मरतोय. बसमधल्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. दहा मिनिटांत मी हुशार झालो. तरी दवाखान्यात नेलं. तिथं छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली आणि म्हणाले, काही नाही, घरी जा.

काही नाही म्हणे. आठवड्यानं बाजारात तेच झालं. मग वेशीपाशी. पुढं पुढं एसटीचा हॉर्न ऐकला तरी पोटात गोळा यायचा. शेवटी माझं जग एवढं राहिलं : घर, मारुतीचं देऊळ आणि परत घर. खिशात रात्रंदिवस एक कांदा. गावात दोन मतं होती. अर्धे म्हणायचे बाहेरचं लागलंय, अर्धे म्हणायचे म्हातारा ढोंग करतो. मी दोघांनाही शिव्या घातल्या, पण अंगारा लावून घेतला.

मार्गशीर्षात एका ट्रकवाल्याबरोबर जावयाचा निरोप आला. मुलगी झाली, आज तिसरा दिवस, बाराव्याला बारसं, या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. माहेरात बाई उरली नव्हती म्हणून ते सासरीच झालं. निदान बाळंतविडा तरी माहेरचा जायला हवा. नेणारं कोण? मीच. शेजारच्या सोनाबाईनं डिंकाचे लाडू वळून दिले, कुंची शिवली, पारूच्या लुगड्याची दुपटी केली. गाठोडं बांधून दारात ठेवलं आणि मी त्याच्याकडं बघत बसलो. शकूला आई नव्हतीच. आता जिवंत बापही पंधरा मैलांवरून येत नाही, हे तिच्या सासरच्यांनी बघायचं का?

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वयानं शकूएवढ्या. त्यांनी छाती ऐकली, नाडी बघितली, पिंपरीची पट्टी वाचली आणि म्हणाल्या, "हा आजार मी येरवड्याला शिकत असताना बघितलाय."

मी उठलो. येरवड्याला काय असतं हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. म्हणालो, "बाई, मी येडा न्हाई."

"वेडे असता तर असे रागावला नसता. बसा. कंपनीचा भोंगा ऐकलाय?"

"ऐकलाय."

"आग लागली की भोंगा वाजवतात. समजा आग नसतानाच वाजला, तर माणसं पळतील की नाही? तुमच्या शरीरातला भोंगा चुकून वाजतोय. छाती चांगली आहे."

"मग बंद करा की त्याला."

"मी नाही बंद करू शकत. तुम्ही पळालात की त्याला वाटतं, खरंच आग होती. पुढच्या वेळी तो आणखी जोरात वाजतो. तुम्ही न पळता उभे राहा. वाजून वाजून दमतो तो."

चांगला सौदा होता. तिनं बोलायचं आणि मी मरायचं. पण दारात गाठोडं होतं.

चाकण स्टँड

बाईंनी वाट आखून दिली. पहिले दोन दिवस फक्त स्टँडवर जाऊन उभ्या गाडीत बसायचं. भीती चढेल. चढत असताना उतरायचं नाही, ओसरल्यावर उतरायचं. तोवर सावकाश काहीतरी मोजायचं.

पुण्याच्या गाडीत चढलो आणि दारापाशी बसलो. कंडक्टर बापू, अंगानं पैलवान, आला आणि म्हणाला, "तात्या, कुठलं देऊ?"

"जायचं न्हाई. बसायचंय."

"आं? ही काय चावडी हाय?"

मी त्याला सगळं सांगून टाकलं. मला आडपडदा जमत नाही. त्यानं इकडं तिकडं बघितलं, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नका. मला पालीचं भ्या वाटतं. डेपोच्या मोरीत एक पाल हाय. तिच्यापायी मी पार भोसरीपर्यंत कळ काढतो."

"एवढा गडी आन् पालीला भितो?"

"तुमी पुलाला भिता. पूल तर चालतबी न्हाई."

हसू आलं. पारू गेल्यापासून पहिलंच. त्यातच छाती चढायला लागली. मी मोजायला लागलो. मापाडी 'एक' म्हणत नसतो, पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. एक हात खिशातल्या कांद्यावर. साठाला गाडी सुटायची वेळ झाली, बापूनं घंटी मारायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. सत्तरला श्वास खाली आला आणि मी उतरलो. डायव्हर ओरडत होता, पण गाडी माझ्यासाठी थांबली होती. घरी जाताना मी चक्क शीळ घातली.

कुरुळी

अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. कुरुळी फाट्यावर उतरलो तेव्हा कळलं, त्यांना काय वाटलं असेल. चाकणपासून तीन मैल. पुलावर पडलो त्यानंतर एवढा लांब आलो नव्हतो. जमीन तीच होती, आणि थंडीत कोवळं ऊन असं पडलेलं की शेतातला हरभरा नुसता चकाकत होता.

लिंबाखाली एक बाई पेरू विकत होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि कांदा काढून हुंगायला लागलो. ती म्हणाली, "बाबा, पेरूच्या गिऱ्हाइकाफुडं कांदा हुंगू नका. धंदा बसंल माजा."

म्हणून पेरू घेतला. आतून गुलाबी, मीठ-तिखट लावलेला. आमच्या बाजारात पेरू नुसता खातात. कुरुळीला त्याच्या चार फोडी करून मधे तिखट भरतात. तीन मैलांत रीत बदलते. मी इतकी वर्षं चाकणला काट्यापाशी बसून होतो, मला हे ठाऊकच नव्हतं. तिला विचारलं, "तुला कशाचं भ्या वाटतं?"

"विहिरीत डोकावायचं. लग्न झाल्यापास्नं पाणी सासू काढती. शिव्या देती, पण काढती."

दुसऱ्या दिवशी परत कुरुळीला गेलो आणि भोंगा निम्माच वाजला. मी तिला सांगितलं. तिनं एक पेरू फुकट दिला.

चिंबळी

पुढचे दोन दिवस चिंबळी. पहिल्या दिवशी सगळं झकास. रस्त्याकडेला एका शेतकऱ्यानं हुरडा भाजायला आगटी पेटवली होती. ओळख ना पाळख, "या तात्या" म्हणाला. लसणाच्या चटणीबरोबर हातावर चोळून गरम हुरडा दिला. आमच्याकडं शेंगदाण्याची चटणी असते आणि तीच बरी असते, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग चाकणला जाऊन खावा." माणूस चांगला होता.

दुसऱ्या दिवशी नको ते केलं. फाट्यावरून पुढं चालत गेलो. चढावरून नदीकाठची झाडं दिसली आणि झाडांमधून पूल. छाती अशी आवळली की मी रस्त्यावर मटकन खाली बसलो. कांदा दगडावर फोडला, नाकाला लावला, डोळे मिटले. ओसरलं. पण पहिली बस मिळाली तशी पळून आलो. दारात गाठोडं तसंच होतं. बारशाला दोन दिवस उरले होते.

परत दवाखाना

बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "ओसरलं कशानं?"

"कांद्यानं. माझी ढाल हाय ती."

"कांदा नसता तरी तेवढ्याच वेळात ओसरलं असतं. तो घरी ठेवा. जोवर तो खिशात आहे तोवर तुम्हाला वाटत राहणार की त्यानंच वाचवलं."

मला राग आला. म्हणालो, "बाई, काय बी बोला, कांद्यावर बोलू नका. मला दोनदा परत आणलंय त्यानं. पारूला छातीत दाटलं तर मी ओवा दिला, आन् तिच्या नाकाला कांदा लावायला मला येळ झाला. गोणी सुटंना, गाठ पक्की होती. आधी लावला असता तर…" सात महिन्यांत हे मी कुणापुढं उघडं केलं नव्हतं.

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "तात्या, नीट ऐका. दवाखान्यात लवकर पोचला असता तर त्या वाचल्या असत्या का, ते मला ठाऊक नाही. मी खोटं सांगणार नाही. पण एक मला नक्की ठाऊक आहे. बंद पडलेलं हृदय कांद्यानं चालू होत नाही. आणि ओव्यानं चालू हृदय बंद पडत नाही."

मी उठलो. मारुतीच्या देवळात जाऊन बसलो आणि दिवेलागणीपर्यंत तिथंच होतो. मनात सारखा एकच हिशोब. कांद्यात काही नसेल, तर मला तो वाचवत नाही. आणि कांद्यात काही नसेल, तर मी उशीर केला नाही. एक पारडं हलकं केलं की दुसरंही हलकं होत होतं. असा काटा मी जन्मात बघितला नव्हता.

तरी सकाळी निघताना एक कांदा घेतलाच. बाईंना काय जातंय सांगायला.

पूल

नवव्या दिवशी, म्हणजे बारशाच्या सकाळी, पहिल्या गाडीनं निघालो. धोतर धुतलेलं, डोक्याला नवा पटका. सोनाबाईनं वाटेत खायला दिलेला डिंकाच्या लाडूचा पुडा बंडीच्या खिशात मावत नव्हता म्हणून कांदा काढून गाठोड्यात खुपसला, तो नंतर परत खिशात घालायचा म्हणून. तेवढ्यात गाडी आली, गर्दी झाली, आणि बापूनं माझं गाठोडं उचलून टपावर टाकलं.

हे मला कळलं कुरुळी सुटल्यावर. खिसा चाचपला तर लाडू. म्हणालो, "बापू, गाठोडं खाली घे."

"आता? तात्या, पेरूची पाटी हाय वर, कोंबड्या हायत, एक शेळी हाय. नाशिक फाट्यालाच घ्या की."

चिंबळी गेली. चढ गेला. झाडं आली. गाडी पुलावर चढली आणि मधोमध थांबली. पुढं उसाच्या गाडीचा आस मोडला होता. बैल सुटून उभे, ऊस रस्त्यावर, ना पुढं जागा ना मागं. आणि मी खिडकीपाशी, खाली इंद्रायणी.

भोंगा वाजला. आजवर वाजला नव्हता असा. छाती, घसा, मुंग्या, सगळं एकदम. शेजारच्या म्हातारीनं माझं तोंड बघितलं आणि ओरडली, "अरं, ह्यो पडतोय. कांदा बघा कुनाकडं."

चाकणची गाडी ती. कांदा नाही असा माणूस त्यात सापडायचा नाही. बाकाखालच्या पिशव्या सुटल्या, चारी बाजूंनी कांदे आले. एकानं तर गुडघ्यावर बुक्की मारून फोडलासुद्धा आणि माझ्या नाकापुढं धरला.

मी हात आडवा केला. "नको."

"हुंगा वो, बरं वाटंल."

"नको म्हणलं ना. आज बिनकांद्याचं बघायचंय."

"डोकं फिरलंय का याचं?" म्हातारी म्हणाली.

बापू तिला म्हणाला, "मावशे, गप बस. त्यांचं माप चाललंय."

मी मोजत होतो. लाभ, दोन, तीन. वीसला वाटलं आता गेलो. तीसला वाटलं पारू इथंच गेली, मीही इथंच जातो, बरंच झालं. चाळीसला मी खिडकीतून खाली बघितलं. पाणी होतं. एक बाई कपडे आपटत होती. तिच्या आपटण्याचा आवाज उशिरा वर येत होता, हात वर गेल्यावर. त्याची मला गंमत वाटली. गंमत वाटली म्हणजे मी मेलो नव्हतो. एकसष्टला सुंभ ढिला झाला. शंभराला सगळं उतरलं. कुणी उतरवलं नाही, आपसूक उतरलं. गाडी अजून तिथंच उभी होती. आता मलाच पुढं जायची घाई लागली होती.

मी उठून उभा राहिलो आणि खिशातले लाडू गाडीत वाटले. म्हातारीलाही दिला. ती म्हणाली, "आत्ता मरत होता आन् आता लाडू वाटतोय. मेल्याला काय झालंय तरी काय?"

"नात झाली," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

चिंचवड

भोसरीला मी खिडकीबाहेर डोकं काढून बसलो होतो. जिथं पूर्वी माळ होता तिथं पत्र्याच्या शेड, धुराडी, आणि पाळी सुटलेली माणसं सायकलींवर, रस्ताभर. नाशिक फाट्याला उतरून चहा आणि क्रीमरोल खाल्ला. हातात धरला तर हवा, खाल्ला तर साखर. शहरात पोकळ वस्तू फार चालतात. बापूनं गाठोडं खाली दिलं आणि म्हणाला, "परवा परत माज्याच गाडीला या. तोवर मीबी डेपोच्या मोरीचं बघतो." मी कांदा शोधायचंही विसरलो आणि दुसरी बस धरली.

जावयाची खोली तिसऱ्या मजल्यावर. आमच्याकडं पाहुणा दिसला की विचारतात, कुठल्या गावचं? तिथं जिन्यात तिघांनी विचारलं, कुठल्या कंपनीत? मी सांगितलं, चाकणच्या कांदा बाजारात. एक जण म्हणाला, "तिथं ओव्हरटाइम असतो का?" दारं सगळी लावलेली. शकूनं दार उघडलं आणि माझ्या मागं जिन्यात बघितलं. मग म्हणाली, "एकटे आलात?"

"एकटाच. पुलावरनं."

ती आत वळली आणि पाळण्याची दोरी उगाच नीट करत राहिली. पोर लाल, मूठ मिटलेली. तोंड कुणासारखं ते मला सांगता आलं नाही, आणि ज्या बायका सांगत होत्या त्यांनाही येत नव्हतं.

दुपारी कंपनीचा खराखुरा भोंगा वाजला. मी दचकून खिडकीकडं धावलो. घरात कुणाच्या हातातलं काम थांबलं नव्हतं. एकीनं फक्त चहाचं आधण ठेवलं. भोंगा वाजला की या लोकांत चहा ठेवतात. ही रीत मला फार आवडली.

मग बारसं. नाव ठेवलं संगीता. त्या इमारतीत आधीच तीन संगीता होत्या. घुगऱ्या वाटल्या आणि विहीणबाईंनी बाळंतविडा सोडला. विहीणबाई साताऱ्याकडच्या, मानपान सांभाळणाऱ्या. कुंची निघाली, दुपटी निघाली. पारूचं लुगडं शकूनं ओळखलं, गालाला लावलं. आणि मग दुपट्यातून कांदा घरंगळला.

बायका वाकून बघायला लागल्या. विहीणबाईंनी तो उचलला, फिरवून बघितला आणि मोठ्या आदरानं विचारलं, "तुमच्या चाकणकडं बाळंतविड्यात कांदा देत्यात व्हय? पाळण्याला बांधायचा का उशाला ठेवायचा?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी तो लाल चिंधीत गुंडाळलासुद्धा आणि पाळण्याच्या कडीला बांधायला निघाल्या. शेजारच्या बायका माना डोलवत होत्या. त्या इमारतीत पुढची वीस वर्षं दर बारशाला कांदा बांधला गेला असता.

मी पुढं झालो आणि चिंधी त्यांच्या हातातून काढून घेतली. पाहुण्यानं असं करू नये, पण केलं. म्हणालो, "विहीणबाई, न्हाई बांधायचा. ह्याच्यात काय नसतं. दोन माणसांच्या नाकाला लावून बघितलाय मी. एक राहिलं, एक गेलं. कांद्याला काय बी ठाऊक नव्हतं."

शकूनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. त्या दिवशी निरोप मिळताच ती दवाखान्याच्या दारात धावत आली होती, आणि माझ्या हातात फोडलेला कांदा तिनंच बघितला होता. ती बाळंतीण, तिला कामाला हात लावायची बंदी. तरी तिनं हात पुढं केला, कांदा घेतला आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, भज्यांना एक कमी पडत होता ना? हा घाला."

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, ही आमच्यातली रीत. चार वर्षं मी तिच्या दारात उभ्या उभ्या बोलून परत जायचो. त्या संध्याकाळी मांडी घालून बसलो. पहिला घास त्या भज्यांचा. नणंदेनं विचारलं, "तात्या, कशी झालीत?"

"तिखट हाय कांदा," मी म्हणालो, "पण कामाचा हाय," आणि ताट पुढं केलं.